कोजागिरी ते लक्ष्मीपूजन: सांदवाडीतल्या (परसबागेतल्या) गुलाबांची छाटणी अन् हिवाळ्याची तयारी

सगळ्यात आधी पाणी तोडायचं. सिकेटर (छाटणीची कात्री) कुठं ठेवलंय, शेणखत कोणाकडून आणायचं हे मागाहून पाहू, पण ज्या गुलाबांची छाटणी करायची त्यांचं पाणी आठ-दहा दिवस आधीच बंद व्हायला पाहिजे, अन् जमीन काळी असेल तर बारा दिवस धरा, कारण ती ओल सोडतच नाही, वरून भेगा पडायला लागतात तरी चार बोटं खाली हात घातला की गारच लागते. वरुड-मोर्शीकडचे संत्रावाले आंबिया बहारासाठी (हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून झाडाला ताण देतात ना, तीच गोष्ट आहे, फक्त छोटी. वाढ थांबते, झाड जरा दम खातं, मग छाटल्यावर डोळे (फांदीवरचे अंकुर) एकदम जोरात फुटतात. आमच्या आत्याबाई (माझ्या सासूबाई, आम्ही सगळ्या सुना त्यांना आत्याबाईच म्हणतो) एवढंच म्हणायच्या, "झाडाले आधी तहान लागू दे, मंग पाह्य." कुंडीतल्या झाडांना मात्र हा हिशोब लावू नका, ऑक्टोबरच्या उन्हात कुंडी दोन दिवसांत खडखडीत होते, तिथं दोन-तीन दिवसांचा ताण पुरे.

आता दिवस कोणता धरायचा. पुस्तकात ऑक्टोबर लिहिलेलं असतं, ते बरोबरच आहे, पण मी कॅलेंडरवर तिथी पाहते कारण मला फुलं तिथीलाच लागतात. छाटणीपासून साधारण 45 दिवसांनी फूल येतं. लक्ष्मीपूजन म्हणजे आश्विन अमावस्या अन् दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा, मधे बरोबर दीड महिना. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या-मागल्या दिवशी छाटलेलं झाड दत्तजयंतीला फुलतं, अन् कोजागिरीला छाटलेलं मार्गशीर्ष लागता लागता फुलतं, गुरुवारच्या पूजेला कामी येतं. म्हणून मी सगळी झाडं एका दिवशी कधीच छाटत नाही, अर्धी कोजागिरीला अन् अर्धी दिवाळीत, नाही तर सगळी फुलं एकाच आठवड्यात येऊन जातात अन् मग देवाला दुकानातून आणावी लागतात. एकच अट, परतीचा पाऊस गेलेला पाहिजे. कोजागिरी लवकर आली अन् आभाळ अजून भरून येत असेल तर थांबा, ओल्या जखमेत बुरशी शिरते अन् फांदी वरून काळी पडत खाली येते, मग ती बुडापर्यंत जाते.

थंड मुलखात हिवाळ्याची तयारी म्हणजे झाड झाकून झोपवून ठेवायची तयारी. आपल्याकडं उलटं आहे, आपल्या विदर्भात फुलझाडाला खरं सुख हिवाळ्याचेच चार महिने मिळतं, उन्हाळ्यात 45-46 डिग्रीत ते फक्त जीव धरून असतं अन् पावसाळ्यात नुसता पाला वाढवतं. त्यामुळं या पंधरा दिवसांत जे कराल त्याच्यावर फेब्रुवारीपर्यंतची फुलं ठरतात, मी हे काम दिवाळीच्या फराळाइतकंच महत्त्वाचं धरते.

सामान आदल्या दिवशी काढून ठेवायचं. सिकेटर धार लावलेलं, जाड वाळलेल्या खोडांसाठी छोटी आरी, मेडिकलमधून स्पिरिटची बाटली अन् कापूस, हातमोजे जाड, मोर्चूद (कॉपर सल्फेट) अन् कळीचा चुना, जुना ब्रश, दोन प्लास्टिकच्या बादल्या. विळ्यानं छाटणी करू नका, हे मी हात जोडून सांगते. लग्न होऊन आले त्या वर्षी मी विळ्यानंच सपासप कापले होते, काप सरळ न येता फांद्या चिरल्या अन् उन्हाळ्याच्या आत तीन झाडं वाळली, त्यातलं एक आत्याबाईंनी माहेरून आणलेलं होतं. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत पण मला अजून वाईट वाटतं. अन् स्पिरिट कशाला म्हणाल तर एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडावर आपल्याच पात्यानंही जातो, म्हणून प्रत्येक झाडानंतर पातं पुसायचं, आजारी दिसणारं झाड सगळ्यात शेवटी घ्यायचं.

छाटायला उभं राहिलं की आधी झाडाभोवती एक चक्कर मारा, लगेच कात्री चालवू नका. पहिल्यांदा वाळलेलं काढायचं, मग रोगट, मग आतल्या बाजूला वाढून एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, मग पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. त्यानंतर बुडाकडं पाहा, डोळा बांधलेल्या जागेच्या (जिथं कलम केलेलं असतं तिच्या) खालून जे जोमदार सरळ धुमारे निघालेले असतात ते रानटी खुंटाचे असतात, ते दिसायला फार छान दिसतात म्हणून लोकं ठेवतात अन् दोन वर्षांनी तक्रार करतात की लाल गुलाबाला बारकी पांढरी फुलं यायला लागली. ते वरून कापू नका, माती उकरून जिथून निघाले तिथून ओढून काढा, कापले की चार होऊन येतात. हे सगळं झालं की चार-पाच चांगल्या दमदार फांद्या राहतात, त्या साधारण गुडघ्याएवढ्या ठेवायच्या, फूट-दीड फूट. प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडा वर, पाव इंच, अन् तिरपा, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. कापल्यावर आतला गाभा पाहा, पांढरट हिरवा असेल तर ठीक, तपकिरी दिसला तर अजून खाली कापा, अजून तपकिरी तर अजून खाली. इथं जीव कच्चा करून चालत नाही. आमच्या जाऊबाई दर वर्षी वरच्या शेंड्याशेंड्यांवरून कात्री फिरवतात कारण हिरवी फांदी कापायचं मन होत नाही, मग त्यांचं झाड माणसाएवढं उंच होतं अन् फूल बटणाएवढं.

हे मोठं छाटणं ग्लॅडिएटरसारख्या कलमी गुलाबांचं झालं. देशी गावठी गुलाब, ज्याचा गुलकंद करतो तो, त्याला इतकं खाली आणू नका, वाळलेलं काढून वरचा एक तृतीयांश भाग कमी करा, पुरे. वेलगुलाबाच्या लांब फांद्या तशाच ठेवून फक्त बाजूच्या काड्या दोन-तीन डोळ्यांवर. यंदाच लावलेलं रोप असेल तर नुसतं वाळलेलं काढा.

छाटलं की त्याच दिवशी, तासाभरात म्हटलं तरी चालेल, बोर्डो पेस्ट, म्हणजे मोर्चूद-चुन्याचा बुरशी रोखणारा लेप. घरच्यापुरती करायची तर 100 ग्रॅम मोर्चूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवून गाळून घ्यायचा, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतत काडीनं ढवळायचं. भांडं प्लास्टिकचं नाही तर मातीचं, घरातला ॲल्युमिनियमचा गंज (पातेलं) घेऊ नका, मोर्चूद त्याला खाऊन टाकतं. झालं की लोखंडाची स्वच्छ सुरी मिनिटभर बुडवून पाहा, तिच्यावर तांबडा थर आला तर चुना कमी पडलाय, चुन्याची थोडी निवळी अजून घाला. ही पेस्ट ब्रशनं प्रत्येक कापावर अन् बुडाला लावायची, अन् त्याच दिवशी संपवायची, उद्यासाठी ठेवून उपयोग नाही. लेकरं अन् कोंबड्या लांब ठेवा, मोर्चूद विषारी आहे. काही जणी कापावर शेणाचा गोळा लावतात, मला ते पटत नाही, शेणात ओल राहते अन् आपल्याला तर जखम कोरडी करायची असते. दोन-तीन दिवसांनी हेच मिश्रण नव्यानं, पातळ करून, 10 ग्रॅम मोर्चूद अन् 10 ग्रॅम चुना एक लिटर पाण्यात, सगळ्या झाडावर फवारायचं.

खाली पडलेला पाला उचला, एक पान ठेवू नका. काळ्या ठिपक्यांची पानं पावसाळ्यात आलेली असतात, ती खाली राहिली की रोग तिथंच मुक्काम करतो. तो पाला खताच्या खड्ड्यात नाही टाकायचा, जाळायचा. निरोगी पेन्सिलीएवढ्या काड्या मात्र बाजूला काढा, वीतभर लांबीच्या, देशी गुलाबाच्या काड्या सावलीत ओल्या मातीत खोचल्या की बऱ्याच जगतात, गावात कोणी मागितलं तर द्यायला होतात.

मग माती. झाडाभोवती वीतभर खोल आळं खांदायचं, मोठी मुळं न तोडता, अन् चार-पाच दिवस ऊन खाऊ द्यायचं. नंतर चांगलं कुजलेलं शेणखत दोन घमेली, दोन मुठी निंबोळी पेंड, मूठभर सुपर फॉस्फेट, माती सारखी करून पहिलं पाणी हलकं. शेणखत कुजलेलं म्हणजे खरंच कुजलेलं, हातात घेतल्यावर मातीसारखा वास आला पाहिजे, कच्चं टाकलं की वाळवी आलीच समजा. त्यावर सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) दोन इंच पसरायचं, या दिवसांत मळणी झालेली असते त्यामुळं कुटाराला कमी नाही, फक्त ढोरांसाठी ठेवलेल्यातलं न सांगता नेऊ नका, घरात वाद होतो. कुटार खोडाला चिकटू द्यायचं नाही, चार बोटं जागा सोडायची.

गुलाबाचं एवढं झालं की बाकीच्यांकडं वळायचं, त्यांचं काम कमी आहे. कर्दळीचे फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापा, ते पुन्हा फुलत नाहीत, बाजूचे नवे कोंब ठेवा. गर्दी झाली असेल तर बेट उपटून कंद वेगळे करा, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे पाहिजेत, पण हे थंडी बसायच्या आत, नाही तर मग फाल्गुनावर ढकला. पानांवर पिवळ्या रेघा-चट्टे असलेलं बेट दिसलं तर ते वाटून देऊ नका, तो व्हायरस असतो, त्याला औषध नाही, अख्खं बेट काढून जाळा. निशिगंधाला उलटं, त्याची हिरवी पानं कापायचीच नाहीत. फुलं थांबली म्हणून लोकं साफसफाईत पात कापून टाकतात, पण ती पातच खालच्या कंदाला पोसते. ती आपोआप पिवळी पडू द्या, जानेवारी-फेब्रुवारीत पडते, मग पाणी तोडून कंद काढा, सावलीत सुकवा, बारदानात ठेवा, गुढीपाडव्यानंतर लावा. शेवंतीला आता कात्री लावूच नका, तिच्या कळ्या धरल्यात, फक्त आधार द्या.

आयरिसबद्दलही सांगते कारण मला दोघीतिघींनी विचारलंय. आमचे धाकटे भाऊजी फौजेत आहेत, काश्मीरला पोस्टिंग होतं तेव्हा त्यांनी आयरिसचे गड्डे आणले होते, तिकडं कबरस्तानांत ही जांभळी-पांढरी फुलं लावलेली असतात म्हणे. त्याची पद्धत अशी की फुलं झाली की गड्डे वेगळे करायचे, पात पंख्यासारखी वीतभर ठेवून वरून कापायची, अन् लावताना गड्ड्याची पाठ मातीबाहेर उन्हात उघडी ठेवायची. मी तसंच केलं. एक वर्ष पानं आली, फूल नाही, कारण त्याला फुलायला कडक थंडी लागते, अन् पुढच्या श्रावणात काळ्या मातीत ते सडलं. मन फार खट्टू झालं. तेव्हापासून मी त्याच्याच कुळातलं ग्लॅडिओलस लावते, ते आपल्या हिवाळ्यात सुंदर येतं. कंदाचं वरचं तपकिरी साल काढायचं, कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक 2 ग्रॅम एका लिटरला, त्यात अर्धा तास बुडवायचे, वाळू मिसळलेल्या उंच वरंब्यावर दोन इंच खोल अन् वीतभर अंतरानं. पंधरा-पंधरा दिवसांनी दोन खेपा लावा. दांडा यायला लागला की मागच्या वर्षीच्या तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) खोचून बांधा, नाही तर फुलांच्या वजनानं आडवा होतो.

छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत तांबूस फुटवे दिसतात, तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन एक फेरी. आतल्या बाजूला येणारा फुटवा बोटानंच खुडा. थंडी वाढली की कोवळ्या पानांवर पांढरी भुरी येते, पिठासारखी, त्याला पाण्यात मिसळणारं गंधक 2 ग्रॅम लिटरला, अन् पाणी नेहमी सकाळी, बुडाला, पानांवर नाही.

कडाक्याच्या रात्रींसाठी दोन-चार बारदानं हाताशी ठेवा. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरला पारा 3.5 डिग्रीवर गेला होता, त्या आठवड्यात आमची तुळस काळी पडली, गुलाबांना काही झालं नाही पण नव्या खोचलेल्या काड्या सगळ्या गेल्या. आता तसा गारठा पडला की संध्याकाळी काड्यांच्या वाफ्याला हलकं पाणी देते, चार तुराट्या रोवून वरून बारदान टाकते, अन् सकाळी ऊन वर आलं की काढते.