डिग्री मधेच बदलली? मुलाखतीत या चुका टाळा

इंजिनिअरिंग सोडून बीकॉम, बीएस्सी सोडून बीसीएस, दोनदा नीट देऊन शेवटी बीए. मराठवाड्यात असे बायोडेटा ढिगाने येतात. लातूर-नांदेडला अकरावी-बारावी करून मेडिकल-इंजिनिअरिंगच्या रांगेत लागायचं आणि वर्ष-दोन वर्षांनी दुसरीकडे वळायचं, हे आपल्याकडे घरोघर आहे. संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत मुलाखत घेणाऱ्यांच्या घरातही एखादा पुतण्या तसाच असतो. तरी "कोर्स का बदलला?" म्हटलं की उमेदवार असा दचकतो, जणू चौकीत बसवलंय. मी भरतीच्या टेबलावर या बाजूला बसतो. त्याच त्या चुका बघून वैताग आला, म्हणून हे लिहितोय.

वर्षं गायब करणं

सगळ्यात मोठी चूक ही. बायोडेटात बारावी, त्याखाली थेट बीकॉम, मधली दोन-तीन वर्षं हवेत. पोरांना वाटतं कोण बघतंय. अहो, समोरचा माणूस बायोडेटा हातात आल्यावर सालंच आधी जुळवून बघतो.

एकदा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर असिस्टंटची भरती होती. पोरगा चुणचुणीत, बीकॉम, टॅली येणारा. मधल्या वर्षांचं विचारलं तर म्हणाला, "घरी शेती बघायलो होतो सर. मोसंबी आहे आमची." आमच्या पॅनलवर जालन्याकडचे एक प्रॉडक्शनचे साहेब होते, त्यांच्या घरी मोसंबीची बाग. साहेब एकदम खुलले. "आंबे बहार धरता का मृग?" म्हणजे झाडाला फुलं हिवाळ्याच्या शेवटी आणता का पावसाळ्याच्या तोंडी. पोरगा म्हणाला, "दोन्ही." साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकाच झाडावर दोन्ही? बरं, आंबे बहाराला पाणी कधी तोडता? फुलं यायला झाड किती दिवस ताणावर ठेवता?" पोरगा पंख्याकडे बघायला लागला.

मग फाईल चाळताना बारावीच्या मार्कशीटमागून मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाची मार्कशीट निघाली. प्लास्टिकच्या त्याच कप्प्यात, पाठमोरी घातलेली.

वाईट याचं वाटलं की त्या जागेसाठी मेकॅनिकल कामाचंच होतं. स्टोअरला माल आला की ड्रॉइंग नंबर बघावा लागतो, कधी व्हर्निअर लावून माप घ्यावं लागतं, आणि नुसत्या बीकॉमच्या पोराला ते शिकवायला महिने जातात. याला ते येत होतं, म्हणजे जे सांगून नोकरी लागली असती तेच त्याने लपवलं. त्याला घेतलं नाही. मेकॅनिकल सोडलं म्हणून नव्हे. स्टोअरच्या चाव्या हातात द्यायच्या माणसाने पहिल्याच दिवशी खोटा हिशोब दिला, म्हणून.

माझा सल्ला: अर्धवट कोर्स एका ओळीत लिहून टाका. "मेकॅनिकल इंजिनिअरिंग, दोन वर्षं, अपूर्ण." खाली साल. बस्स.

घरच्यांवर ढकलणं

"वडिलांनी जबरदस्ती केली." खरं असेलही. पण मुलाखतीत हे ऐकलं की मनात एकच येतं: उद्या इथलं काम जड गेलं की हा सुपरवायझरचं नाव सांगणार. कोर्स का सोडला यात आम्हाला तसा फार रस नसतो. इथून सहा महिन्यांत पळणार का, एवढं चाचपायचं असतं. म्हणून उत्तरात दोनच गोष्टी हव्यात, काय जमलं नाही आणि त्यानंतर काय पूर्ण केलं. "एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, दोनदा राहिला. तेव्हा मामांच्या खताच्या दुकानाचा हिशोब बघत होतो, तो जमत होता. बीकॉमला गेलो, वेळेत पूर्ण केलं, जीएसटीचं काम शिकलो." एवढं बोलून गप्प बसायचं. ही गप्प बसण्याची सवय लावून घ्या. आपली पोरं शांतता सहन न होऊन पुढे बोलत सुटतात, आणि घोळ तिथेच होतो.

परिस्थिती खरंच अडली असेल, दुष्काळात फी भरणं झालं नाही, वडील आजारी पडले, तर तेही एका वाक्यात सांगा. रडगाणं नको, लाजही नको.

बाकीच्या चुका किरकोळ. जुन्या कॉलेजला शिव्या घालू नका. "अकाउंट्स माझं पॅशन आहे" म्हणू नका. सोपी जर्नल एंट्री विचारली की ते पॅशन उतरतं. आणि "एक्झिट घेतला" हा नवीन फॅशनचा शब्द जपून वापरा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे, पण तो कागद हातात असेल तरच. नुसतं कॉलेजला जायचं बंद केलं त्याला एक्झिट म्हणत नाहीत.

कागदांचं एक सांगतो. इंजिनिअरिंग लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं आणि बीकॉम संभाजीनगरचं किंवा नांदेडचं, असं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटची झेरॉक्स फाईलमध्ये ठेवा, जुन्या मार्कशीटही सुलट्या, सालाप्रमाणे लावून. कोणी मागो न मागो.

आता शॉर्टकटवाले. आदल्या रात्री अकराला मेसेज: "सर उद्या इंटरव्ह्यू आहे, कोर्स चेंजवर एक भारी लाईन द्या." तीन वर्षं होती तुझ्याकडे, बाबा! अशी लाईन मी देत नाही. मोबाईलवरून उतरवलेलं इंग्रजी उत्तर सकाळपासून चार जणांच्या तोंडून ऐकलेलं असतं. पाचवा सुरू झाला की आम्ही चहा मागवतो. त्यापेक्षा रात्री आईसमोर बसून तिला मराठीत सांगून बघा, मी इंजिनिअरिंग का सोडलं ते. तिला पटेपर्यंत सांगा. सकाळी तेच बोला, मराठीत बोललात तरी चालतं. दुकानाच्या हिशोबाची वही असेल तर तीही सोबत आणा, मी तरी ती उघडून बघतो.