ऑगस्ट आलाय, कॉलेज फुटबॉलची तयारी आत्ताच करून ठेवा

अमेरिकेत शिकायला आला असाल आणि यंदा पहिल्यांदाच आपल्या युनिव्हर्सिटीच्या टीमचा पूर्ण सीझन बघणार असाल तर सगळ्यात आधी शेड्यूल उघडा, जर्सी नंतर घेता येते. रेग्युलर सीझनला मॅच असतात फक्त 12, ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात आणि थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला संपतात, त्यामुळे एकेक शनिवार महत्त्वाचा. समोर कोण आहे एवढंच बघू नका, लागोपाठ दोन अवे मॅच (समोरच्याच्या मैदानावरच्या) कुठे आल्यात, बाय वीक म्हणजे मॅच नसलेला आठवडा कोणत्या मोठ्या मॅचच्या आधी पडलाय, प्रवास किती आहे हेही बघा. 2024 पासून यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन या टीम बिग टेन या कॉन्फरन्समध्ये (टीमच्या गटात) गेल्यापासून तर पश्चिम किनाऱ्यावरच्या टीमला पार पूर्वेकडे न्यू जर्सीतल्या रट्गर्सपर्यंत जावं लागतं, तीन तासांचा टाइम झोन बदलतो, पोरं दमतात हो.

कॅलेंडरवर तारखा टाका पण वेळ टाकू नका. बऱ्याच मॅचची किकऑफची वेळ टीव्हीवाले साधारण 12 दिवस आधी ठरवतात, कधीकधी तर 6 दिवस आधी, म्हणून त्या शनिवारी दुपारी परतीचं नॉन रिफंडेबल तिकीट काढून ठेवलं की फसलात.

मग रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी. ट्रान्सफर पोर्टलमुळे (त्यातून खेळाडू दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जातात) गेल्या वर्षीची टीम यंदा तशीच असेल असं अजिबात धरू नका. क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) कोण ते सगळेच बघतात, तुम्ही त्याला पुढून सांभाळणारी ऑफेन्सिव्ह लाइन बघा, पाचांपैकी किती जण जुने राहिलेत ते, माझ्या मते सीझन तिथेच ठरतो. नियमांवरही एक संध्याकाळ घाला. चार डाउनमध्ये म्हणजे चार प्रयत्नांत बॉल 10 यार्ड पुढे न्यायचा हे कळलं की निम्मा खेळ कळला, पण एनएफएल (प्रोफेशनल लीग) बघून आलेल्यांनी फरक लक्षात ठेवा, इथे कॅच घेताना एक पाय आत पडला तरी चालतो आणि कोणी हात न लावता बॉल घेतलेल्याचा गुडघा टेकला तरी प्ले तिथेच संपतो. ओव्हरटाइममध्ये दोन्ही टीमना 25 यार्ड लाइनवरून पाळी मिळते, तिसऱ्या ओव्हरटाइमपासून नुसते टू पॉइंटचे प्रयत्न (एकाच प्लेमध्ये दोन पॉइंट मिळवायचे), आणि तेव्हा जो आवाज होतो तो स्टेडियममध्ये उभं राहूनच ऐकावा.

स्टेडियमला जायचं तर पारदर्शक बॅग लागतेच, बहुतेक ठिकाणी 12 बाय 6 बाय 12 इंच, साधी सॅक घेऊन गेलात तर गेटवरूनच परत पाठवतात. स्टुडंट तिकीट कधी मिळतात, लॉटरी असते का, हे आत्ताच विचारून ठेवा. तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये घरूनच सेव्ह करा, मिशिगनसारख्या लाखाच्या वरच्या स्टेडियमबाहेर नेटवर्क मिळेलच असं नाही. सप्टेंबरच्या दुपारच्या मॅचला टोपी, सनस्क्रीन, भरपूर पाणी. नोव्हेंबरचं मात्र मनावर घ्या, थंडी अंगापेक्षा पायातून जास्त चढते, लोखंडी बाकाखालचं काँक्रीट बर्फासारखं असतं, तेव्हा दोन मोजे घाला आणि आत नेऊ देत असतील तर पुठ्ठ्याचा एक तुकडा न्या नि त्यावर उभे राहा, खरंच फरक पडतो.

पहिली मॅच हरलात तर सीझन गेला असं समजून तिकिटं विकायला काढू नका. बोल गेमला (सीझननंतरच्या खास मॅचला) जायला साधारण 6 विजय लागतात, आणि 2024 पासून प्लेऑफ, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या नॉकआउट मॅच, 12 टीमचा झालाय. त्याच सीझनला ओहायो स्टेट मिशिगनकडून घरच्या मैदानावर 10-13 हरली, त्यांचा तो दुसरा पराभव, तरी जानेवारीत नोत्र दामला 34-23 हरवून चॅम्पियन झाली. म्हणून डिसेंबरचा तो वीकेंडही जमलं तर मोकळा ठेवा, प्लेऑफचा पहिला राउंड वरच्या सीडच्या (वरचा क्रमांक मिळालेल्या टीमच्या) कॅम्पसवरच होतो आणि तेव्हा नेमकी सेमिस्टरची परीक्षा संपून घरी जायची गडबड असते, तिकीट काढण्याआधी क्रमवारीत आपण कुठे आहोत ते एकदा बघून घ्या.