जाड, ठोकळ्यासारख्या अक्षरांत दुकानाचा फलक कसा जुळवावा

बडोद्यात मराठी माणसाने दुकान काढायचे ठरवले की फलकावर नाव देवनागरी आणि गुजराती अशा दोन्ही लिप्यांत घ्यावेसे वाटते, आणि ते रस्त्यापलीकडून वाचता यावे म्हणून जाड, ठोकळ्यासारख्या अक्षरांचा फॉन्ट निवडला जातो. अशा फॉन्टमध्ये अक्षराच्या जाडीपेक्षा त्याच्या पोटातील मोकळ्या जागेकडे अधिक लक्ष द्यावे, कारण ती बुजली की लांबून ‘घ’ आणि ‘ध’ यांत फरक उरत नाही.

फॉन्टच्या नमुन्यातील शब्दांवर विसंबू नये, स्वतःचाच मजकूर टंकून पाहावा. दांडिया बाजारातील आमच्या एका नातेवाइकांच्या फलकावर ‘शुद्ध तुपातील पुऱ्या’ अशी ओळ होती. छापून आली तेव्हा ‘द्ध’ची गाठ भरून तेथे नुसता डाग उरला होता, आणि छापखान्यात मजकूर पुन्हा टंकला गेल्यामुळे ‘पुऱ्या’चे ‘पुर्या’ झाले होते. तेव्हापासून मी ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘ऱ्य’ आणि ‘ळ’ आधी तपासतो. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवावी. काही फॉन्टमध्ये ती वळणे तेवढ्यानेच मिळतात.

‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या पोटात केवळ फटी उरतात, त्यामुळे तो एखाद्या मोठ्या शब्दालाच शोभतो. त्यांच्याच ‘बलू’मध्ये गुजराती भावंडही असल्याने बडोद्याच्या फलकाला मी तोच सुचवेन. नाव लांब आणि फलक अरुंद असल्यास ‘इंडियन टाइप फाउंड्री’चा चौकोनी, अरुंद अक्षरांचा ‘टेको’ घ्यावा. तिन्ही मुक्त परवान्याखाली मिळतात.

दोन लिप्या शेजारी ठेवताना खरी कसोटी लागते. गुजरातीला शिरोरेखा नाही, म्हणून एकाच मापात टंकूनही देवनागरी ओळ वरून जड दिसते आणि गुजराती ओळ हलकी. दोन्ही लिप्यांच्या मापाचे आकडे सारखे ठेवण्याचा आग्रह सोडावा आणि गुजराती अक्षरांचे माथे शिरोरेखेच्या वरच्या कडेला आणून उभ्या रेघांची जाडी डोळ्यांनी जुळवावी.

देवनागरीत अक्षरांमधील अंतर वाढवू नये, शिरोरेखा तुटते. अरुंद जागेत बसवण्यासाठी अक्षरे दाबूही नयेत. ओळींमध्ये मात्र सढळ जागा सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर बसतो.

फलकावर अक्षर ३० सेंटीमीटर उंच असून ते २० मीटरवरून वाचले जाणार असेल, तर ३ सेंटीमीटर उंचीचे छापून २ मीटरवरून पाहावे. मजकूर पक्का झाल्यावर फाइल कर्व्हमध्ये करूनच, म्हणजे अक्षरांचे टंकलेल्या मजकुराऐवजी नुसत्या आकारांत रूपांतर करूनच, छापखान्यात द्यावी, आणि मूळ टंकलेली प्रत जवळ ठेवून छपाईपूर्वीचा नमुना तिच्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा.