कुंडीतलं झाड रुसलं म्हणून लगेच उपटू नका. या चुका टाळा

गेल्या वर्षी फेब्रुवारीत गच्चीवरच्या टबात मुळा पेरला. पाला असा माजला की शेजारच्या काकू येताजाता कौतुक करायच्या. दीड महिन्यानं एक उपटून पाहिला, तर हातात उंदराची शेपटी. टब जेमतेम सहा इंच खोल, त्यात मी शेणखत ओंजळी-ओंजळीनं घातलेलं. नत्र जास्त झालं की झाड पाल्यातच रमतं. शिवाय मुळा थंडीचा गडी. ऊन तापू लागलं की खाली भरायचं सोडून तुरा काढतो. या तिन्ही चुका माझ्याच. पुढच्या वेळी फूटभर खोल टब आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, हे तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

टब मात्र रिकामा केला नाही. तुरे येऊ दिले, पांढरी-जांभळट फुलं आली, मधमाश्या आल्या आणि मग झाडभर डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा लागल्या. डिंगरी कोवळी असतानाच तोडायची. वाकवून बघा: कट्कन मोडली तर घ्या, नुसती वाकली तर ती जून झाली, चावताना दोरे लागतील. बोटभर तुकडे करून, हिंग-मोहरीच्या फोडणीत कांद्यावर परतून वर भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली की झाली भाजी. आमच्या बाजारात डिंगऱ्या क्वचितच दिसतात, त्यामुळे मुळा फसला याचं दुःख फार टिकलं नाही. जून झालेल्या चार-पाच शेंगा झाडावरच वाळू द्या, बी मिळेल. पाकिटावर ‘हायब्रिड’ लिहिलेलं असेल तर त्या बियांतून तसाच मुळा येईल याची खात्री नसते.

फुलं गळतात म्हणून फवारणी करणं

लाल भोपळ्याच्या वेलाला पंधरा-वीस फुलं येतात, गळून जातात, आणि माणूस दुकानातून ‘टॉनिक’ आणतो. त्याआधी फुलाच्या मागे बघा. बारीक देठावरचं फूल नर, मागे छोटासा गोळा असलेलं मादी. वेल सुरुवातीला बहुतेक नर फुलंच काढतो, त्यांनी गळायचंच असतं. मादी फूल आल्यावरही गोळा पिवळा पडून सडत असेल, तर परागकण पोचत नाहीत. उंच इमारतीच्या बाल्कनीत माश्या येतीलच असं नाही. सकाळी लवकर नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतली पिवळी दांडी मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. ऊन चढेपर्यंत फुलं मिटतात, तेव्हा चहा नंतर. दुधीचं उलट: त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. मी कित्येक दिवस दुधीच्या वेलाशी सकाळी झटापट करत होते!

उरलेल्या नर फुलांची भजी करा. फवारणी केली नसेल तरच, हे वेगळं सांगायला नको. आतला दांडा काढून टाका, तो कडवट लागतो.

फुटकी कुंडी कचऱ्यात टाकणं

मातीच्या कुंडीचा काठ गेला तर तिच्यात कोरफड किंवा पानफुटी मजेत राहते. उभी चिरली असेल तर अर्धी आडवी पुरा आणि तोंडातून ‘ऑफिस टाइम’ या फुलझाडाच्या फांद्या बाहेर सोडा. बघणाऱ्याला वाटतं मुद्दामच केलंय. अगदी चुराडा झाला तर एक बाकदार खापरी भोकावर उपडी ठेवायला जपून ठेवा. तळाशी खापऱ्यांचा जाड थर देण्याची पद्धत मात्र मी सोडली. त्यानं निचरा वाढत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते.

वास आला की खताची बादली बंद करणं

वास म्हणजे बादलीत ओला कचरा जास्त, सुका कमी. सोसायटीत झाडून ढीग लावलेला वाळका पाला पोतंभर आणा, बादलीत मिसळा, दोन दिवस हलवत राहा. पैसे शून्य. जाड, करड्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका. बहुधा त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात आणि ओला कचरा तुमच्यापेक्षा झपाट्यानं संपवतात.

बाकी किरकोळ. कोथिंबीर फुलावर गेली तर धणे होऊ द्या. पेरताना रगडून दोन भाग करा. टोमॅटो पिकण्याआधीच वेल वाळायला लागला तर हिरव्यांची दाण्याचं कूट घालून चटणी.

सगळंच वाचवायचा हट्ट धरणं

मिरचीची पानं आखडून वाटीसारखी झाली की आम्ही म्हणतो चुरडामुरडा आला. कोवळ्या शेंड्यापुरताच असेल आणि पानाखाली बारीक किडे दिसत असतील, तर शेंडे खुडून निंबोळी तेल फवारा: एक लिटर पाण्यात 5 मिली, वर थोडा साबण, संध्याकाळी. दोन-तीन फवाऱ्यांनंतरही नवी फूट आखडूनच येत असेल तर विषाणूची शक्यता धरा. त्यावर औषध नाही. झाड उपटा, पिशवीत बांधून टाका, खताच्या बादलीत नको. बांबूची काठी धुऊन परत वापरता येते. माती एप्रिल-मेच्या उन्हात पसरा, ओली करा, पारदर्शक प्लास्टिकनं घट्ट झाका आणि महिना-दीड महिना तशीच तापू द्या. मग थोडं खत मिसळून तिच्यात पालक लावा. मिरची, वांगी, टोमॅटो पुढच्या वर्षी दुसऱ्या कुंडीत.