मराठवाड्यातील छोट्या शेतीसाठी पहिला मिनी ट्रॅक्टर कसा निवडावा?

पाऊस उघडला आणि रानाला वाफसा (मशागतीजोगा ओलावा) आला की पेरणीसाठी, आणि पुढे कोळपणी-फवारणीसाठी, हाताशी मोजकेच दिवस असतात. नेमक्या त्याच दिवसांत गावातल्या प्रत्येकाला भाड्याचा ट्रॅक्टर हवा असतो. पाच-सात एकरांच्या शेतकऱ्याचा नंबर बहुतेक वेळा शेवटी लागतो, कारण लहान तुकड्यात मोठा ट्रॅक्टर वळवण्यातच चालकाचा वेळ जातो. सालगडी मिळत नाहीत आणि बैलजोडी वर्षभर सांभाळणे अनेकांना झेपत नाही; अशा वेळी स्वतःचा लहान ट्रॅक्टर असावा असे वाटणे रास्तच आहे. मात्र ही खरेदी बहुधा चुकीच्या क्रमाने होते. आधी शोरूममध्ये ट्रॅक्टर पसंत केला जातो, मग त्याला औजारे शोधली जातात आणि सर्वांत शेवटी तो आपल्या ओळींत बसतो की नाही हे पाहिले जाते. आधी काम, मग ओळीतील अंतर, मग औजार आणि त्यानंतर ट्रॅक्टर, असा क्रम ठेवल्यास पैसा वाया जाण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

पायरी १ : कोणते काम घ्यायचे आणि कोणते भाड्यानेच करायचे

वहीत वर्षभराची कामे महिन्यांनुसार लिहून काढावीत आणि प्रत्येक कामापुढे आज त्यासाठी किती भाडे किंवा मजुरी जाते ते मांडावे. नांगरणी, मोगडा (दात्यांच्या औजाराने उथळ मशागत), रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणे), पेरणी, कोळपणी, फवारणी, शेणखत वाहणे, मळणी, पऱ्हाटीचे तुकडे करणे अशी ही यादी होईल.

आता या यादीतून पहिली रेघ नांगरणीवर मारावी. भारी काळ्या जमिनीत खोल पल्टी नांगरणीसाठी ४५ ते ५० एचपीचा (अश्वशक्तीचा), सुमारे दोन टन वजनाचा ट्रॅक्टर लागतो. साधारण ६५० ते ९५० किलो वजनाच्या मिनी ट्रॅक्टरकडून ते काम करून घेण्याचा हट्ट धरला, तर चाके जागीच फिरतात, क्लच प्लेट जळते आणि डिझेल जाते ते वेगळेच. वर्षातून एकदा करायची नांगरणी भाड्याने करून घेणेच शहाणपणाचे आहे. सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा सरी (बीबीएफ) पद्धतीने करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे, कारण चार ओळींचे बीबीएफ यंत्र बहुधा ३५ एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरसाठी बनवलेले असते. मळणी यंत्राचेही तेच.

मिनी ट्रॅक्टर आपले पैसे वसूल करतो तो वारंवार आणि वेळेवर करायच्या कामांत. जालन्याकडील मोसंबीची बाग, लातूर-धाराशिवकडील द्राक्षे, केशर आंबा, डाळिंब, भाजीपाला, कापूस-तुरीतील आंतरमशागत, ही त्याची खरी कामे आहेत. बागेत एका हंगामात अनेक फवारण्या होतात आणि त्यातली एक दोन दिवस लांबली तरी रोग हाताबाहेर जातो. स्वतःच्या ट्रॅक्टरची खरी किंमत तिथे कळते.

हिशोबही याच वेळी करावा. समजा औजारांसह एकूण ७ लाख रुपये लागले आणि दहा वर्षांनी विकून २ लाख परत आले, तर घसाराच वर्षाला ५०,००० रुपये होतो. त्यात व्याज, विमा आणि दुरुस्तीचे सरासरी ४०,००० धरले, तर डिझेल न घालताच वर्षाचा खर्च ९०,००० रुपयांवर जातो. नांगरणी आणि मळणी वगळून उरलेल्या कामांवर आपले भाडे व मजुरी मिळून एवढी रक्कम जाते का, हे स्वतःच्या वहीतील आकड्यांवरून पाहावे. फक्त पाच एकर कोरडवाहू सोयाबीन-तूर असेल तर उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येईल. अशा शेतकऱ्याने दोन-तीन शेजाऱ्यांशी मिळून खरेदीचा विचार करावा किंवा गावातील औजार बँकेची, म्हणजे भाड्याने औजारे देणाऱ्या केंद्राची, चौकशी करावी. बाग किंवा बागायती भाजीपाला असेल तर गणित बदलते.

पायरी २ : टेप घेऊन शेतात जाणे

ही पायरी सर्वांत जास्त टाळली जाते आणि सर्वांत जास्त महत्त्वाची आहे. दोन माणसांनी मोजपट्टी घेऊन ओळींमधील अंतर, झाडांच्या फांद्यांमधील मोकळी जागा, बांधापर्यंतची वळणाची जागा आणि शेतात येणाऱ्या पाणंद रस्त्याची सर्वांत अरुंद जागा मोजून लिहून ठेवावी.

एक उदाहरण नीट समजून घेऊ. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असते. मिनी ट्रॅक्टरचा मागचा ८.३ इंची टायर सुमारे २१ सेंटिमीटर रुंद असतो. तो ओळींच्या बरोबर मधोमध चालला तर दोन्ही बाजूंना केवळ १२-१२ सेंटिमीटर जागा उरते. शिवाय दोन चाकांच्या मध्यांतील अंतर ४५ च्या पटीत, म्हणजे ९० सेंटिमीटर, असायला हवे. ते ८० किंवा १०० असले तर एक चाक हमखास पिकावर जाणार. म्हणून विक्रेत्याला ‘रुंदी किती’ एवढेच विचारून थांबू नये. मागच्या चाकांमधील अंतर कमी-जास्त करता येते का, कोणकोणत्या मापांवर ठेवता येते आणि पुढची चाके त्याच रेषेत येतात का, हे विचारावे. पेरणीच्या ओळी वाकड्या असतील तर कोणताही ट्रॅक्टर कोळपणी करू शकणार नाही, हेही मान्य करावे लागते. सोयाबीनमध्ये पावसाच्या उघडिपीत ओलसर रानातून कोळपे चालवायचे असेल, तर ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांनी ते काम बैलांकडेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापसाची लागवड ४ फुटांवर, म्हणजे सुमारे १२० सेंटिमीटरवर असेल, तर ९० सेंटिमीटर रुंदीचा ट्रॅक्टर एका ओळीतून जाऊ शकतो, पण फांद्या पसरेपर्यंतच. द्राक्षबागेत ओळीपेक्षा टोकाला असलेले खांब आणि ताणाच्या तारा जास्त अडचणीच्या ठरतात, त्यामुळे तिथे वळणाची जागा बारकाईने मोजावी. जुन्या मोसंबीच्या बागेत लागवड १८ बाय १८ फुटांवर असली तरी फांद्या खाली झुकलेल्या असतात. तिथे रुंदीइतकीच उंचीही पाहावी. उभा सायलेन्सर फांद्यांत अडकतो आणि गरम धुराने पाने करपतात. सायलेन्सर खालून काढलेले मॉडेल अशा बागेसाठी मागावे.

पायरी ३ : एचपी, पीटीओ आणि क्लच

बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाच्या ताकदीचा असतो. रोटाव्हेटर आणि ब्लोअर (हवेच्या झोताने फवारणी करणारे यंत्र) चालतात ते पीटीओवर, म्हणजे औजाराला ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, आणि तिथे पोहोचणारी ताकद साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी असते. म्हणून तुलना पीटीओ एचपीची करावी. मध्य प्रदेशातील बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप आणि औजार उचलणाऱ्या लिफ्टची क्षमता अशी सगळी मापे असतात. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा आणि माहितीपत्रकापेक्षा त्यावर विश्वास ठेवावा.

ढोबळ मानाने १५ एचपीच्या गटात, म्हणजे स्वराज ७१७ किंवा महिंद्रा युवराज २१५ यांसारख्या ट्रॅक्टरना, तीन फुटी रोटाव्हेटर, हलका मोगडा आणि लहान फवारणी यंत्र झेपते. महिंद्रा जिवो २४५ किंवा कुबोटा निओस्टार बी २४४१ यांसारख्या २४ एचपीच्या गटात चार फुटी रोटाव्हेटर आणि बागेतील ब्लोअर चालतो. जॉन डिअर ३०२८ ईएन २८ एचपीचा आहे. मध्यम ते भारी जमीन आणि बाग असे दोन्ही असेल तर २४ एचपीच्या खाली जाऊ नये. हलक्या, मुरमाड जमिनीवरच्या भाजीपाल्याला १५ ते १८ एचपी पुरेसे होतात.

ब्लोअर वापरायचा असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. काही लहान ट्रॅक्टरमध्ये क्लच पूर्ण दाबला की ट्रॅक्टरबरोबर पीटीओही थांबतो, त्यामुळे वळताना फवारणीचा दाब तुटतो. ट्रॅक्टर थांबला तरी पीटीओ चालू राहील अशी दुहेरी क्लचची किंवा स्वतंत्र पीटीओची सोय असलेलेच मॉडेल बागायतदाराने घ्यावे. फवारणीसाठी ताशी २ ते ४ किलोमीटरचा वेग आणि पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे, हे दोन्ही एकाच वेळी मिळणारा गिअर त्यात आहे का, हेही पाहावे. औजारे जोडण्याच्या पिनांची मापेही जुळली पाहिजेत, कारण मोठ्या ट्रॅक्टरची जुनी औजारे मिनी ट्रॅक्टरला सहसा बसत नाहीत.

पायरी ४ : टू व्हील की फोर व्हील

काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. हलक्या वजनाचा टू व्हील, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळणारा, ट्रॅक्टर अशा रानात लवकर अडकतो, आणि पाणी साचणाऱ्या चिबड जागेत तर निघतच नाही. त्यामुळे भारी जमिनीवर चारही चाकांना ताकद देणाऱ्या फोर व्हीलसाठी जास्तीचे पैसे मोजावेत, असाच सल्ला मी देईन. माळरानावरच्या मुरमाड जमिनीला मात्र त्याची गरज नसते.

पायरी ५ : डेमो आपल्याच रानात घ्यावा

गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला सवलती असतात, त्यामुळे पुष्कळ खरेदी ऐन उन्हाळ्यात होते. तेव्हा रान कोरडे आणि कडक असते. पावसाळ्यातील वागणूक त्यावरून कळत नाही. शक्य असल्यास डेमो पावसाळ्यात, वाफशावर घ्यावा आणि खरेदी दसऱ्याला करावी. ते जमणार नसेल तर एक पट्टा आदल्या दोन-तीन दिवसांत भिजवून ठेवावा.

डेमोच्या वेळी मागच्या टायरवर खडूने खूण करावी. औजार वर उचललेले असताना चाकाचे दहा फेरे होऊ द्यावेत आणि कापलेले अंतर मोजावे. नंतर औजार जमिनीत घालून, नेहमीच्या खोलीवर, पुन्हा दहा फेरे मोजावेत. समजा पहिल्या वेळी २८ मीटर आणि दुसऱ्या वेळी २४ मीटर अंतर आले, तर घसरण सुमारे १४ टक्के झाली, ती चालण्यासारखी आहे. दुसऱ्या वेळी २१ मीटरच आले तर घसरण २५ टक्के झाली. त्या जमिनीत ते औजार त्या ट्रॅक्टरला जड आहे. मागच्या टायरमध्ये पाणी भरून किंवा चाकांना वजने लावून फरक पडतो का, तेही तिथेच पाहून घ्यावे.

डिझेल मोजण्यासाठी टाकी काठोकाठ भरून मोजलेल्या अर्ध्या एकरात काम करावे आणि पुन्हा काठोकाठ भरताना किती लागले ते टिपावे. ‘तासाला इतके’ या बोलण्यापेक्षा ‘एकराला इतके’ हा आकडा उपयोगाचा आहे. घरात जो माणूस रोज ट्रॅक्टर चालवणार आहे, त्यालाच डेमोत बसवावे.

पायरी ६ : मिस्त्री, सुटे भाग आणि जुना ट्रॅक्टर

तालुक्याच्या गावी त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे का, आणि क्लच प्लेट, फिल्टर, हायड्रॉलिकचे सील तिथे मिळतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. हजार तासांपेक्षा जास्त चाललेला तोच ट्रॅक्टर असलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांना ‘पावसाळ्यात बंद पडला तेव्हा किती दिवस उभा राहिला’ एवढाच प्रश्न विचारावा.

जुना घेणार असल्यास सकाळी इंजिन थंड असतानाच जावे. सुरू केल्यावर तेलाचे झाकण उघडून धूर जोरात येतो का ते पाहावे. रोटाव्हेटर वर उचलून इंजिन बंद करावे. तो थोड्याच वेळात खाली बसू लागला तर हायड्रॉलिकचे काम निघणार आहे. आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पायरी ७ : अनुदान आणि कर्ज

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली ट्रॅक्टरसाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना ५० टक्के, कमाल १.२५ लाख रुपये, आणि इतरांना ४० टक्के, कमाल १ लाख रुपये अशी मर्यादा आहे. शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून घ्यावा. निवड झाल्यावर कोटेशन आणि चाचणी अहवाल अपलोड करून पूर्वसंमती मिळते आणि त्यानंतरच खरेदी करायची असते. आधी ट्रॅक्टर घेऊन नंतर अर्ज केल्यास अनुदान मिळत नाही, हे ठळकपणे लक्षात ठेवावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची वेगळी योजना आहे. तीत ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधने यांसाठी ३.५० लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३.१५ लाख रुपये अनुदान मिळते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये तो वेगळा दाखवायला सांगावे.

कर्ज घेताना व्याजाचा दर फ्लॅट (सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर) आहे की घटत्या शिलकीवर, हे लेखी विचारावे. ४ लाखांवर १० टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांत २ लाख व्याज होते. दरवर्षी ८०,००० मुद्दल फेडत घटत्या शिलकीवर तेच व्याज १.२० लाख होते. हप्ते दरमहा न ठेवता सोयाबीन-कापसाचे पैसे हाती येतात त्या वेळचे, सहामाही किंवा वार्षिक, मागावेत.

पायरी ८ : ताबा घेताना

चेसिस आणि इंजिन क्रमांक बिलाशी जुळवावेत, नोंदणी आणि विमा झाल्याशिवाय ट्रॅक्टर रस्त्यावर आणू नये. ट्रॉली घेतली असेल तर तिचीही नोंदणी लागते. पीटीओ शाफ्टचे संरक्षक कव्हर बसवलेले आहे याची खात्री करावी. शाफ्ट फिरत असताना जवळ गेलेल्या माणसाचे उपरणे, धोतर किंवा साडीचा पदर त्यात गुंडाळला जाऊन जीव जातो, म्हणून हे कव्हर नंतरही कधी काढून ठेवू नये. पहिल्या ५० तासांत ट्रॅक्टरवर पूर्ण ताण देऊ नये आणि पहिली सर्व्हिसिंग पुस्तिकेत दिलेल्या तासांवर, पेरणीची घाई असली तरी, करून घ्यावी.