आलिशान गाडीचं इंजिन घरीच बनवायचं ठरवताय? या चुका टाळा

‘स्वतःचं इंजिन नसेल तर ती आलिशान गाडी कसली?’ असं गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं आणि हिशेब मागे पडतो. पहिली चूक हीच. आधी विचारा, हे इंजिन किती मॉडेल्समध्ये बसणार आणि किती वर्षं चालणार?

अॅस्टन मार्टिनकडे पाहा. मार्च २०२० मध्ये त्यांनी घरी, म्हणजे कंपनीतच बनवलेल्या तीन लिटर व्ही-६ (व्ही आकारात सहा सिलिंडर) टर्बो इंजिनाची घोषणा केली. कंपनीचे पूर्वीचे इंजिन अभियंते तादेक मारेक यांच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलं, टीएम०१. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्सिडीजशी मोठा करार झाला. हिस्सेदारीच्या बदल्यात तंत्रज्ञान मिळणार होतं. २०२१ मध्ये अॅस्टन मार्टिनची वल्हाला ही गाडी समोर आली, तेव्हा तिच्यात घरच्या इंजिनाऐवजी एएमजीचं, म्हणजे मर्सिडीजच्याच वेगवान गाड्यांच्या विभागाचं, व्ही-८ होतं. मला यात कमीपणा दिसत नाही. खरं नुकसान निर्णय उशिरा फिरवल्याचं असतं, कारण तोवर नमुने, साचे आणि माणसांची वर्षं खर्ची पडलेली असतात.

दुसरी चूक म्हणजे ‘सगळं घरचं, नाहीतर सगळं बाहेरचं’ असा हट्ट. टाटा मोटर्सने २००८ मध्ये घेतलेल्या जग्वार लँड रोव्हरने मधली वाट काढली. त्यांचं इंजेनियम हे इंजिन इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये बनतं. एका सिलिंडरला साधारण ५०० सीसी हे माप धरून तीन, चार आणि सहा सिलिंडरची इंजिनं केली, म्हणजे खर्च भरपूर गाड्यांवर वाटला गेला. पण २०२२ च्या रेंज रोव्हरमधलं ४.४ लिटर व्ही-८ बीएमडब्ल्यूचं आहे. थोड्या गाड्यांसाठी वेगळं व्ही-८ उभं करण्यापेक्षा हे शहाणपणाचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

विकत घेतलं म्हणजे काम संपलं, असंही समजू नका. मॅक्लारेनच्या एफ-१ या गाडीसाठी बीएमडब्ल्यूने खास ६.१ लिटर व्ही-१२ बनवून दिलं. पण ते गाडीत बसवल्यावर त्याची उष्णता सांभाळणं मॅक्लारेनलाच भाग होतं. उष्णता परतवण्यासाठी इंजिनच्या कप्प्याला आतून चक्क सोन्याचा वर्ख लावला होता! माउंटिंग, कूलिंग, गिअरबॉक्सशी जुळणी, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) कॅलिब्रेशन, एक्झॉस्टचा आवाज, या सगळ्याचा वेळ आणि पैसा पहिल्या दिवसापासून धरा. ग्राहकाला दुसऱ्या ब्रँडची गाडी चालवल्यासारखं वाटलं, तर दोष पुरवठादाराचा नसतो.

आणि करार नीट वाचा. मासेरातीला फेरारीकडून मिळणारी इंजिनं बंद होणार होती. २०२० मध्ये त्यांनी नेत्तुनो आणलं, तीन लिटर व्ही-६, ६३० हॉर्सपॉवर. तेच पुढे ग्रेकाले आणि ग्रानतुरिस्मो या गाड्यांमध्येही गेलं, म्हणून तो खर्च पेलला. पुरवठा थांबवायची पूर्वसूचना किती वर्षं आधी मिळेल आणि थांबल्यावरही सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे दोन्ही सहीच्या आधी कागदावर आणा.