वॉलिंगफर्डचा मातीचा तट कसा पाहावा

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमधल्या या गावी आलेले लोक बहुधा किल्ल्याच्या पडक्या भिंतींचे फोटो काढून परततात. त्याहून जुना आणि मोलाचा आहे तो गावाभोवतीचा मातीचा तट. व्हायकिंगांना रोखण्यासाठी आल्फ्रेड राजाच्या काळात, नवव्या शतकाच्या अखेरीस तो उभा राहिला. तीन बाजूंना तट नि खंदक, पूर्वेला थेम्स. आपले गडकोट फिरलेल्यांची नजर आपसूक दगड शोधते. इथे जमिनीचा चढउतार बघायचा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी किंवा उन्हं कलताना जा. तेव्हा गवत खुरटं असतं आणि तिरप्या उन्हात खंदकाची सावली स्पष्ट पडते. जूनच्या भर दुपारी तोच तट सपाट वाटतो. निघण्यापूर्वी एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा मोफत लायडार नकाशा, म्हणजे विमानातून लेझरने जमिनीची उंची मोजून केलेला नकाशा, पाहून ठेवा. झाडीखालचा उंचसखलपणाही त्यात दिसतो.

सुरुवात पश्चिमेच्या किनक्रॉफ्ट मैदानापासून करा. आधी खंदकाच्या तळाशी उतरा आणि तिथून वर बघा. हल्लेखोराला किती चढावं लागे, ते माथ्यावरून कळत नाही. मग उत्तरेला बुलक्रॉफ्टकडे जा. ईशान्य कोपऱ्यात मात्र सावध राहा, कारण तिथे १०६६ नंतर, फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मनांनी किल्ला बांधला. त्याचे खंदक आणि उंचवटे आल्फ्रेडच्या तटाचे समजणं ही नेहमीची चूक. किल्ला १६५२ मध्ये पाडला गेला.

आता हिशेब. ‘बर्गल हायडेज’ या तटबंदीच्या गावांच्या जुन्या यादीत वॉलिंगफर्डच्या नावावर २,४०० हाइड जमीन आहे, विंचेस्टरइतकीच. हाइड हे जमिनीचं जुनं माप. तट राखायला दर हाइडमागे एक माणूस आणि तटाच्या दर पोलमागे, म्हणजे सुमारे ५.०३ मीटरमागे, चार माणसं. म्हणजे तटाची लांबी ६०० पोल, जवळपास ३,०१८ मीटर. नकाशावर स्वतः मोजून पाहा. फक्त जमिनीकडच्या तीन बाजू मोजल्या तर आकडा फार कमी भरतो. नदीकाठही धरा, म्हणजे तफावत बरीच घटते.

आग्नेयेला सेंट लेनर्ड चर्चच्या भिंतीत तिरपे, माशाच्या काट्यासारखे रचलेले दगड दिसतील. तेही पाहून घ्या.

मेटल डिटेक्टर घरीच ठेवा. संरक्षित स्मारकावर तो परवानगीशिवाय वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.